देश काल्पनिक असला तरी पगारपत्रक खरं हवं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही पाच मित्रमैत्रिणी मिळून एक काल्पनिक देश रचतो आहोत. नाव तारवा. अकरा बेटं, ४० लाख लोक, धंदा मुख्यतः मासेमारी, बोटबांधणी आणि थोडी शेती. चलन दाम, सरासरी पगार महिना १,००० दाम, काळ साधारण १९७० च्या आसपासचा. कायदे लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. मी उपचार सगळ्यांना फुकट केलेत, कामाचा दिवस सहा तासांचा आणि आठवडा सहा दिवसांचा, आजारपणात पूर्ण पगार, मालकाने भरपगारी द्यायची दोन वर्षांची प्रसूती रजा आणि ५५ व्या वर्षी सगळ्यांना ५०० दाम पेन्शन. बाकीचे चौघे म्हणतात, ‘हा देश नाही, जाहीरनामा आहे.’ यावर कादंबरी लिहिणाऱ्या मैत्रिणीला तर अडचणीत सापडलेला एकही माणूस मिळत नाही. मला देश कंजूष करायचा नाही. मग तो खरा कसा करू? आणि डॉक्टरांना, बोटवाल्यांना संपाचा हक्क द्यावा का? — कायदेमंत्री, तारवा

मंत्रीबाई,

देश कंजूष करायची काहीच गरज नाही. खरे उदार देशही आहेत आणि त्यांत अडचणीत सापडलेली माणसं भरपूर आहेत. तुमच्या मसुद्यात खटकतं ते वेगळंच. त्यात ‘सगळ्यांना’ हा शब्द जागोजागी आहे, पण एखादा माणूस त्या ‘सगळ्यांत’ बसतो की नाही हे ठरवणारा कारकून कुठेच दिसत नाही. पैसा कुठून येतो, अर्ज कुठे द्यायचा, कोण ‘नाही’ म्हणू शकतं आणि ते ‘नाही’ ऐकल्यावर माणूस कोणत्या दारात जातो, एवढं प्रत्येक कलमाखाली लिहिलंत की तारव्यात माणसं दिसायला लागतील.

आधी पेन्शनचा हिशोब करू, कारण तुमचा देश सगळ्यात आधी तिथेच बुडतो. समजा ४० लाखांपैकी ९ लाख लोक १५ वर्षांखालचे, २२ लाख १५ ते ५४ मधले आणि ९ लाख ५५ च्या पुढचे. मधल्या २२ लाखांतून शिकणारे, घरी मुलं-म्हातारे सांभाळणारे, आजारी आणि बेकार वजा केले की कामावर १५ लाख उरतात. त्यातही ज्यांचं नाव कुठल्या तरी पगारपत्रकावर आहे असे ९ लाख धरा. बाकीचे ६ लाख स्वतःची होडी, स्वतःचं शेत, घरकाम, सुतारकाम असं करणारे. त्यांचा पगार कुठे लिहिलेलाच नाही, मग तो कापणार कुठून?

आता ९ लाख म्हाताऱ्यांना ५०० दामप्रमाणे महिन्याला ४५ कोटी दाम लागतात. ९ लाख पगारदारांचा मिळून पगार होतो ९० कोटी. म्हणजे नुसत्या पेन्शनसाठी प्रत्येक पगारातून निम्मे पैसे कापायला हवेत. दवाखाने, शाळा, धक्के, दीपगृहं यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

वय ६५ केलं तर काय होतं पाहा. ६५ च्या पुढचे समजा ४ लाख आहेत, त्यांना २० कोटी पुरतात. शिवाय ५५ ते ६४ मधल्या ५ लाखांपैकी ३ लाख कामावर राहतील, त्यांतले १.८ लाख पगारपत्रकावर असतील, आणि वर्गणी देणाऱ्या पगारांची बेरीज १०८ कोटी होईल. कपात आली साडेअठरा टक्क्यांवर. निवृत्तीचं वय हलवलं की घेणारे घटतात आणि देणारे वाढतात, दोन्ही एकाच वेळी, म्हणून या एका आकड्यावरून सरकारं पडतात. जर्मनीत चॅन्सलर बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ७० ठेवलं होतं. ते ६५ व्हायला १९१६ उजाडलं.

पण ५५ तुम्हाला प्रिय असेल तर सगळं वय वर न्यायची गरज नाही. खोल समुद्रात जाणाऱ्यांना ५५, बाकीच्यांना ६४, असं करता येतं. मग ‘खोल समुद्र’ म्हणजे किती मैलांपुढे हे ठरवावं लागेल. बोटीवरचा स्वयंपाकी त्यात धरायचा का? वीस वर्षं समुद्रात काढून शेवटची दहा वर्षं बर्फाच्या कारखान्यात घालवणाऱ्याचं काय? तुमच्या कादंबरीकार मैत्रिणीला इथेच दोन प्रकरणं मिळतील. असल्या सवलती खऱ्या इतिहासातून आलेल्या असतात आणि चिवट असतात. फ्रान्समध्ये खलाशांची स्वतंत्र निधीव्यवस्था चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या १६७३ च्या फर्मानापर्यंत मागे जाते. तारव्यातही सगळ्यात जुना निधी खलाशांचा असू द्या. इतर सगळ्या योजनांच्या आधीचा, त्यामुळे नव्या कायद्यात विलीन व्हायला नकार देणारा आणि थोडा श्रीमंत.

यातून मूळ फाटा येतो, तो तुम्ही अजून निवडलेला नाही. हक्क वर्गणी भरल्यामुळे मिळतो की देशात राहत असल्यामुळे? जर्मनीच्या १८८३ च्या आजारपण विम्यात हक्क वर्गणीतून येत होता. कामगाराने दोन तृतीयांश भरायचे, मालकाने एक तृतीयांश. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, ती मुख्यतः करांतून चालते आणि हक्क तिथल्या रहिवासाशी बांधलेला आहे. आपण वाद घालतो तो बहुतेक ‘कोणती पद्धत जास्त दयाळू’ असा. लिहिणाऱ्याने विचारायचं ते वेगळं: कोणत्या पद्धतीतून कोण गळतं? वर्गणीच्या देशात हंगामी मजूर, मोलकरणी आणि सतत मालक बदलणारे गळतात. रहिवासाच्या देशात गळतात ते बाहेरून आलेले आणि ज्यांचा पत्ता दाखवता येत नाही ते. तारव्यात बोटीवरच राहणारी कुटुंबं असतील, तर त्यांचं बेट कोणतं?

आमचा कल असा की उपचार रहिवासावर ठेवा आणि रोख रक्कम, म्हणजे आजारभत्ता आणि पेन्शन, वर्गणीवर. उपचार नाकारले तर रोग बंदरभर पसरतो, तिथे वर्गणीवही तपासत बसणं महागात पडतं. रोख रकमेचं तसं नसतं. ती आधीच्या कमाईच्या प्रमाणात द्यायची तर कमाईची नोंद लागतेच.

ती नोंद १९७० च्या देशात कशी ठेवायची? तिकिटांनी. ब्रिटनमध्ये १९११ च्या विमा कायद्यापासून १९७५ पर्यंत हीच रीत होती. कामगाराच्या नावाचं कार्ड, मालकाने दर आठवड्याला त्यावर विम्याचं तिकीट चिकटवायचं, ते पोस्टात विकत मिळायचं. फार सुंदर यंत्रणा आहे, कारण तिची लबाडी डोळ्यांना दिसते. मालक पगारातून तिकिटाचे पैसे कापतो आणि तिकीट चिकटवत नाही. वर्षअखेर कार्डावर ५२ ऐवजी ३१ चौकोन भरलेले. आता हे २१ आठवडे कुणाच्या माथी? तुमच्या कायद्यात एक वाक्य हवं: पैसे कापल्याचा पुरावा असेल तर कामगाराचा हक्क शाबूत, निधीने मालकाकडून वसूल करावं. ते वाक्य नसेल तर शिक्षा फसलेल्यालाच होते. आणि पुरावा म्हणजे काय? पगाराची चिठ्ठी. म्हणजे चिठ्ठी देणंही सक्तीचं करायला हवं. एक कलम नीट लिहायला गेलं की ते असं दुसरं कलम मागतं, त्याचा कंटाळा करू नका.

आता आजारपणाचं कलम नमुना म्हणून लिहू, कारण ‘पूर्ण पगार’ एवढ्यावर ते सोडता येत नाही. तारव्यासाठी असं चालेल: मागच्या ५२ आठवड्यांत किमान २६ तिकिटं असणाऱ्याला, आजाराच्या चौथ्या दिवसापासून, मागच्या १३ आठवड्यांच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळेल, जास्तीत जास्त २६ आठवडे. पहिल्या सात दिवसांपर्यंत स्वतःचं लेखी निवेदन पुरेल, पुढे डॉक्टरचा दाखला लागेल.

यातला एकही आकडा सजावटीचा नाही. पहिले तीन दिवस भत्ता नाही, कारण छोट्या दुखण्यांची प्रकरणं संख्येने प्रचंड असतात आणि त्यांचे कागद रंगवण्याचा खर्च भत्त्याइतकाच होतो. बिस्मार्कच्या कायद्यातही सुरुवातीचे तीन दिवस कोरडेच होते. त्याचा तोटाही लगेच दिसतो: ज्याच्याकडे तीन दिवसांची शिल्लक नाही तो ताप अंगावर घेऊन मासळी साफ करायला येतो. दाखल्यात सात दिवसांची सूट नसेल तर दवाखान्याबाहेरची निम्मी रांग औषधासाठी नसून सहीसाठी असते. तेरा आठवड्यांची सरासरी धरली नाही, तर आजारपण दिसायला लागताच शेवटच्या आठवड्यात ओव्हरटाइम फुगवून भत्ता वाढवता येतो. ७० टक्के का, १०० का नाहीत, हा तुमचा प्रश्न असेल. १०० ठेवा हवं तर. मग दाखला देणाऱ्या डॉक्टरवर दोन्ही बाजूंनी दबाव वाढेल आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा डॉक्टर नेमावा लागेल. तो दुसरा डॉक्टर निधीच्या पगारावर असतो, हे सगळ्या बेटावर ठाऊक असतं.

आणि आता हे कलम मोडून दाखवतो. मासळी सुकवणाऱ्या बायकांचा हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे जेमतेम २२ आठवडे. तिकिटं २२. हवीत २६. म्हणजे वर्षानुवर्षं तिकिटाचे पैसे कापले जाणार आणि भत्ता त्यांतल्या एकीलाही कधीच मिळणार नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. राजधानीतल्या गोदी कामगाराचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून त्याने २६ लिहिलं. खऱ्या जगातले अन्याय बहुतेक अशाच आकड्यांत राहतात, आणि तुमच्या देशाला जिवंत करणारा आकडा हाच.

दुरुस्ती तीन प्रकारे होते. एक, आठवडे कमी करा, पण मग १५ तिकिटांवर भत्ता घेणारे राजधानीतही निघतील. दोन, हंगामी कामासाठी वेगळी यादी करा. मग यादीत नाव घालण्यासाठी प्रत्येक धंद्याचे लोक मंत्रालयात बसून राहतील. तीन, आठवडे न मोजता कमाई मोजा. कॅनडाने १९५७ पासून मच्छीमारांना बेकारी विम्यात घेतलं, आणि आज तिथे त्यांची पात्रता कामाच्या तासांवर ठरत नाही, पकडलेल्या मासळीच्या कमाईवर ठरते. तारव्याला हे शोभेल. फक्त मासळी विकल्याच्या पावतीवर नाव कुणाचं, हे नीट बघा. दोन भाऊ, एक होडी, एकाची पात्रता पुरी झालेली. उरलेली मासळी दुसऱ्याच्या नावावर लागणारच. गावाला यात काही गैर वाटणार नाही, निधीला वाटेल.

दोन योजनांच्या सांध्याकडेही लक्ष द्या. जर्मनीत आजारपण विमा १३ आठवडे भत्ता द्यायचा, आणि १८८४ चा अपघात विमा, ज्याची वर्गणी फक्त मालक भरायचे, तो १४ व्या आठवड्यापासून सुरू व्हायचा. म्हणजे कारखान्यात बोट तुटलं तरी पहिल्या तेरा आठवड्यांचा भार त्याच निधीवर, ज्यात कामगारांचे दोन तृतीयांश पैसे होते. नुसतं कायद्याचं नाव वाचून हे कधी कळलं नसतं. तुमच्याकडे आजारभत्ता २६ व्या आठवड्याला संपतो. अपंगत्वाचं पेन्शन कधी सुरू होतं? त्याची तपासणी राजधानीच्या बेटावर होत असेल आणि तारीख दोन महिन्यांनंतरची मिळत असेल, तर मधले दोन महिने त्या घरात चूल कशावर पेटते? उत्तर ‘दुकानदाराच्या उधारीवर’ असेल, तर दुकान कुणाचं तेही लिहा. ते मासळी कंपनीचंच असेल तर मजुरी रोख द्यायची की दुकानाच्या कुपनांत, हा प्रश्न आलाच. मजुरी चलनी नाण्यांतच द्यावी असा कायदा ब्रिटनला १८३१ मध्ये याच कारणासाठी करावा लागला होता.

फुकट उपचारांकडे वळू. फुकट म्हणजे पैशाची रांग संपली, वेळेची सुरू झाली. माणशी वर्षाला पाच वेळा डॉक्टरकडे जाणं धरलं तर २ कोटी भेटी होतात. एक डॉक्टर दिवसाला २५ रुग्ण, वर्षाला २२० दिवस, म्हणजे ५,५०० भेटी देतो. तुम्हाला ३,६०० हून थोडे जास्त साधे डॉक्टर लागतील. प्रत्येकाची कारकीर्द ३० वर्षांची धरली तर फक्त ही संख्या टिकवायला दरवर्षी १२० नवे हवेत, आणि तज्ज्ञ डॉक्टर याहून वेगळे. तारव्यात वैद्यकीय कॉलेज आहे का? नसेल तर मुलं परदेशात शिकतात आणि त्यांतली बरीच तिथेच राहतात. असेल तर शेवटच्या बेटावर कोण जाणार? सक्तीची दोन वर्षं, दीडपट पगार, राहायला घर, हे नेहमीचे उपाय. त्यांनी डॉक्टर येतो, दोन वर्षांनी जातो, आणि बेटाला कायमची उरते ती नर्स. त्या बेटावर खरी सत्ता तिची असते. औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असू द्या.

सहा तासांचा दिवस इथेच अडकतो. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. ३६ तासांच्या आठवड्यात त्या एका जागेला ४.६७ माणसं लागतात, रजा आणि आजारपण धरून साडेपाच. ४८ तासांचा आठवडा असता तर चारच्या थोडं वर भागलं असतं. तुमच्या देशात १२,००० खाटा आणि आठ खाटांमागे एक नर्स धरली तर १,५०० जागा होतात. सहा तासांच्या नियमाने एकट्या नर्सच दोन हजारांहून जास्त वाढवाव्या लागतील. फ्रान्सने ३५ तासांचा आठवडा सरकारी रुग्णालयांत २००२ मध्ये आणला, तेव्हा पुरेशी माणसं नसल्याने कर्मचाऱ्यांच्या न घेतलेल्या रजा खात्यावर साचत गेल्या. तारव्यातही साचू द्या. निवृत्तीच्या दिवशी नर्सच्या खात्यावर ३०० दिवसांची रजा आणि रुग्णालयाकडे ती द्यायला पैसे नाहीत.

तास म्हणजे काय, हेही लिहून ठेवा. धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलेला हमाल कामावर आहे का? रुग्णालयात रात्रपाळीला झोपलेला डॉक्टर? युरोपीय न्यायालयाने २००० मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांच्या प्रकरणात निकाल दिला की आरोग्य केंद्रात हजर राहून काढलेली पाळी पूर्णच कामाची वेळ धरायची. एवढ्या एका ओळीने किती वेळापत्रकं कोसळली असतील! आणि ओव्हरटाइम दुप्पट ठेवलात तर तिमाहीची कमाल मर्यादा घाला, नाहीतर सहा तासांचा दिवस कागदावर राहील आणि सगळे आठ तास काम करून खूश असतील.

डॉक्टरला पैसे कसे देता यावर त्याचं वागणं ठरतं, स्वभावावर फार थोडं. भेटीमागे पैसे दिले तर भेटी वाढतात, ‘परवा पुन्हा या’ वाढतं. नावावर असलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम दिली तर डॉक्टर नावं भरपूर घेतो आणि अवघड रुग्ण पुढच्या रुग्णालयात धाडतो. महिन्याचा पगार दिला तर दुपारनंतर तो घरी खासगी रुग्ण बघतो. कोणतीही पद्धत निवडा, फक्त तिचा रोग सोबत घ्या. थायलंडने २००२ मध्ये देशभर नेलेल्या योजनेत भेटीला ३० बाट घेत आणि रुग्णालयांना बाह्यरुग्ण उपचारांसाठी माणशी रक्कम मिळे. ब्रिटनमध्ये सेवा पूर्ण मोफत सुरू झाली, पण कवळ्या आणि चष्म्यांवर आकार लावण्यावरून, ज्याने ती सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनीच एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लागला. क्रांती मोठ्या शब्दांवर होते, मोडते ती कवळीवर. तारव्यात पहिला आकार कशावर लागेल ते ठरवा. आमच्या मते चष्म्यावर, जाळी विणणाऱ्यांना तो चाळिशीत लागतोच.

प्रसूती रजेच्या बाबतीत मात्र आमचं मत ठाम आहे: मालकाने द्यायची भरपगारी रजा काढून टाका, रजा राहू द्या. पगार मालकाच्या खिशातून गेला तर दोन वर्षांत कारखान्यांमधून तरुण बायका दिसेनाशा होतील आणि कायद्याला ते सिद्धही करता येणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० च्या करारात किमान १४ आठवडे, कमाईच्या किमान दोन तृतीयांश, आणि हा भार शक्यतो एकट्या मालकावर न टाकता विमा किंवा सार्वजनिक निधीतून, असं याच कारणाने म्हटलं आहे. दोन वर्षं ठेवायचीच तर काही महिने बापाच्या नावे राखून ठेवा, त्याने नाही घेतले तर बुडाले. स्वीडनमध्ये १९७४ पासून रजा आईबाप दोघांची आहे, आणि १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवावा लागला, कारण तोपर्यंत बाप ती आनंदाने आईच्या नावे करत होते.

गरिबांच्या मदतीत एक खड्डा नेहमी असतो. समजा ६०० दामांपर्यंत कमावणाऱ्याला ३०० दाम मदत आहे. ६०० कमावणाऱ्याच्या हातात ९०० येतात, ६१० कमावणाऱ्याच्या हातात ६१०. तेव्हा प्रत्येक मालक आणि मजूर मिळून कागदावर ६०० लिहितात, बाकीचे पाकिटात. मदत हळूहळू उतरवा: ३०० च्या पुढच्या प्रत्येक दामामागे अर्धा दाम कापा. खड्डा बुजतो, पण मदत ९०० दाम कमावणाऱ्यापर्यंत पसरते आणि खर्च वाढतो. दोन्ही एकदम टाळता येत नाही, त्यामुळे अर्थमंत्री आणि कल्याणमंत्री यांचं भांडण कायमचं. इंग्लंडमध्ये १७९५ पासून काही भागांत पावाच्या भावावरून मजुरीला पूरक मदत द्यायचे. त्यामुळे मालक मजुरी पाडतात, असा ठपका ठेवून १८३४ मध्ये ती मदत आवळली आणि माणसांना श्रमगृहांत, म्हणजे मदतीच्या बदल्यात राबवून घेणाऱ्या संस्थांत, धाडलं. पुढच्या अनेक इतिहासकारांना तो ठपका पटलेला नाही. पण धोरण ठपक्यावर चाललं. तारव्याच्या संसदेतही एखादा चुकीचा अहवाल तीस वर्षं राज्य करू द्या.

संख्येच्या उंबऱ्याचंही असंच. ‘२० किंवा जास्त कामगार असतील तर’ असं लिहिलंत की १९ कामगारांचे कारखाने उगवतात. एकच छप्पर, मधे पत्र्याची भिंत, दोन पाट्या, हजेरीची दोन पुस्तकं. उपाय: मालकी, जागा आणि यंत्रं सामाईक असतील तर एकच आस्थापना धरावी, आणि कंत्राटदाराची माणसंही मोजावीत.

हे सगळं बघायला निरीक्षक किती? ६०,००० आस्थापना, २० निरीक्षक, प्रत्येकाच्या वर्षाला १५० भेटी, म्हणजे एका कारखान्याची पाळी वीस वर्षांनी. दंड २०० दाम असेल तर वर्षाला सरासरी १० दामांची भीती. कोण घाबरेल? ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने अख्ख्या देशासाठी चार निरीक्षक दिले होते. औद्योगिक देशांसाठी दहा हजार कामगारांमागे एक निरीक्षक हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं माप आहे, त्याने तारव्याला १५० लागतील. तेवढे नसतील तर त्यांना निदान न सांगता, दिवसा-रात्री केव्हाही आत शिरायचा अधिकार द्या आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायची सक्ती करा. अकरा बेटांच्या देशात मोठी पंचाईत अशी की निरीक्षक बोटीने येतो, आणि बोट दिसते.

आता संपाचं. डॉक्टरांना हक्क द्या, पण त्यांचा संप सरकारविरुद्धच असेल असं धरू नका. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ ला सार्वजनिक आरोग्य विमा सुरू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टर त्या विम्याविरुद्धच संपावर गेले. २३ दिवस. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले. तडजोड अशी झाली की विमा राहिला आणि डॉक्टरही पगारदार न होता भेटीमागे पैसे घेणारे स्वतंत्र व्यावसायिक राहिले. दवाखान्यांचं पुढचं वागणं त्या तडजोडीतून ठरलं. तुमच्या देशात डॉक्टरांना पैसे देण्याची पद्धत अशाच एखाद्या थकलेल्या रात्रीच्या सहीतून आलेली असू द्या.

बोटवाल्यांचा प्रश्न जास्त चांगला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या संघटना-स्वातंत्र्य समितीच्या मते रुग्णालयं, वीज, पाणी या अत्यावश्यक सेवा, तिथे संपावर बंदीही चालू शकते. प्रवासी बोटी त्यांत येत नाहीत. पण बेटांवरच्या लोकांचे हाल लक्षात घेऊन किमान सेवेचा करार करता येतो, असं समितीने म्हटलं आहे. तेव्हा बंदी घालू नका, करार लिहा, आणि संपाची नोटीस येण्याआधी लिहा, कारण नंतर दोन्ही बाजूंना सही करण्यात कमीपणा वाटतो. त्यात ‘आवश्यक फेऱ्या’ असं मोघम नको. प्रत्येक बेटाला दिवसाला एक फेरी. रुग्ण, गरोदर बाई आणि सोबतचा एक माणूस. ऑक्सिजनचे सिलिंडर, रक्त, लसी, दूध. टपालात फक्त पेन्शनची मनीऑर्डर. मासळी नाही. मालकांचे प्रतिनिधी ‘बर्फातली मासळी’ हे शब्द शेवटच्या बैठकीत घुसवायला बघतील, तेवढं मात्र डोळ्यात तेल घालून वाचा.